लाल-पांढरी पेटी

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपल्यावर, मी घरच्या टीव्हीला एक पेटी जोडली. पेटी प्लॅस्टिकची, पांढऱ्या अंगाची, तांबड्या काठाची, आणि मुनीमजींच्या गल्ल्यापेक्षा लहान. तिच्या दोन्ही कुशींना दोन छोटे हातखेळणे वायरीने बांधलेले असतात. आम्ही मुले त्यांना ‘रिमोट’ म्हणत असू आणि सबंध पेटीला नुसते ‘व्हिडिओ गेम’. तिचे खरे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’. जपानी लोकांनी ते जिभेच्या सोयीसाठी ‘फॅमिकॉम’ असे आखूड केले आहे. या पेटीची मी १९९० सालापासून वाट पाहत होतो. त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. आता केस पिकू लागले आहेत. घरच्या मंडळींनी हसायचे ते हसून घेतले. वाचकांनीही हसून घ्यावे, आणि मग मला थोडे बोलू द्यावे. ज्या वस्तूसाठी माणूस चौतीस वर्षे झुरतो, ती वस्तू जगात आली कशी, एवढे तरी त्याने शोधून काढायला नको का?

शोधायला बसलो तेव्हा पहिला धक्का बसला तो असा, की या खेळाचे मूळ जपानात नाहीच. ते आहे अमेरिकेत, आणि तेही एका निर्वासित ज्यू माणसाच्या डोक्यात. राल्फ बेअर हा १९२२ साली जर्मनीत जन्मला. हिटलरच्या राज्यात ज्यू मुलांना शाळेचे दरवाजे बंद झाले आणि १९३८ साली, सोळाव्या वर्षी, आईबापांबरोबर तो अमेरिकेला पळून गेला. कारखान्यात हातकाम करीत करीत तो रेडिओ दुरुस्ती शिकला, महायुद्धात सैन्यात गेला आणि परत आल्यावर टेलिव्हिजनचे शास्त्र शिकला. १९५१ साली एका कंपनीत टीव्हीचा संच बनवीत असताना, या संचात एखादा खेळ घालावा असे त्याने सुचवले. वरिष्ठांनी ते उडवून लावले. नव्या कल्पनेचे बारसे बहुधा असेच होते.

पुढे पंधरा वर्षे गेली. बेअर आता न्यू हॅम्पशायरमधल्या सँडर्स नावाच्या, लष्करी उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. १९६६ च्या ऑगस्टच्या अखेरीस तो न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट पाहत बसला असता तोच विचार पुन्हा आला. अमेरिकेत त्या वेळी कोट्यवधी घरांत टीव्ही होता, आणि माणसाला त्याच्याशी करता येण्याजोगी गोष्ट एकच होती : बघत राहणे. १ सप्टेंबर १९६६ रोजी त्याने कचेरीत बसून चार पानांचे टिपण लिहिले आणि त्यावर तारीख घातली. ही तारीख घालण्याची सवय त्याला पुढे फार उपयोगी पडली. टीव्हीच्या पडद्यावर दोन ठिपके उमटवायचे, ते हाताने हलवायचे, एकाने दुसऱ्याचा पाठलाग करायचा. एवढ्यावर काम सुरू झाले. दोन सहकाऱ्यांच्या मदतीने दोन वर्षांत जी पेटी तयार झाली तिला लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेला होता, म्हणून तिचे नाव पडले ‘तपकिरी पेटी’. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ती ‘ओडिसी’ या नावाने १९७२ च्या सप्टेंबरात विकायला काढली. किंमत सुमारे १०० डॉलर. तिला आवाज नव्हता, रंग नव्हते आणि गुण मोजण्याची अक्कलही नव्हती. गुण खेळणाऱ्यांनी कागदावर मांडायचे. पडद्यावर फक्त ठिपके आणि एक रेघ. बाकीचे मैदान, जाळे, भुताचे घर हे सारे पारदर्शक प्लॅस्टिकच्या तक्त्यांवर छापलेले असे, आणि ते तक्ते टीव्हीच्या काचेवर लावायचे. सोबत फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही मिळत. म्हणजे पटावरचा खेळ टीव्हीत शिरायला निघाला होता, पण एक पाय अजून उंबऱ्याबाहेर होता. हे यंत्र मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालते असा गिऱ्हाइकांचा गैरसमज झाला आणि खप बेताचाच राहिला.

आता गंमत पाहा. ज्या महिन्यात अमेरिकेतल्या माणसाला टीव्ही नुसता बघून कंटाळा आल्याची खात्री होऊन त्याच्यावर खेळायचे यंत्र दुकानात आले, त्याच्या पुढच्याच महिन्यात, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. आम्ही बघायला सुरुवात केली तेव्हा ते बघून उठले होते! आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिला टीव्ही आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात, असे आई सांगते.

ओडिसीचे एक प्रदर्शन मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम येथे भरले होते. ते पाहायला नोलन बुशनेल नावाचा एक उमदा तरुण आला आणि त्याने पाहुण्यांच्या वहीत सही केली. पुढच्याच महिन्यात त्याने भागीदारीत ‘अटारी’ कंपनी काढली, आणि ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरकडून टेबल टेनिसचा खेळ बनवून घेतला. त्याचे नाव ‘पाँग’. पहिले यंत्र सनीव्हेल गावच्या एका गुत्त्यात ठेवले होते. काही दिवसांत ते बंद पडले म्हणून तक्रार आली. उघडून पाहतात तो नाण्यांची पेटी तुडुंब भरलेली. लक्ष्मीच्या अतिरेकाने बंद पडलेले यंत्र म्हणून त्याची लक्ष्मीपूजनाला आठवण करायला हरकत नाही. पाँग गाजला, आणि खेळाचा जनक म्हणून बुशनेलचे नाव झाले. मग मॅग्नाव्हॉक्सने १९७४ साली दावा लावला. कोर्टात बेअरची तारखा घातलेली टिपणे आली आणि ती पाहुण्यांची वहीही आली. १९७६ साली अटारीने पैसे भरून तडजोड केली. बेअरला राष्ट्रीय पदक मिळाले ते २००६ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. मला स्वतःला बुशनेलचा राग येत नाही. दुकान कसे मांडावे हे त्याला कळत होते आणि बेअरला ते कळत नव्हते. पण पहिले टिपण बेअरचेच, हे मी कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

इथवरची यंत्रे जे खेळ त्यांच्या पोटात जन्मतः असत तेवढेच खेळत. खेळ बदलायचा तर यंत्राला विचार करणारी चिप हवी, आणि तशी चिप त्या काळी शेकडो डॉलर मागे. १९७५ च्या सप्टेंबरात एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीच्या चक पेडल याने ‘६५०२’ नावाची चिप २५ डॉलरला विकायला काढली. मला वाटते, गृहिणीच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच. दागिन्याच्या मोलाची वस्तू भाजीच्या पिशवीत आली. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीत जेरी लॉसन या कृष्णवर्णीय इंजिनिअरच्या हाताखाली बदलता येणाऱ्या खेळांच्या कॅसेटी तयार झाल्या, आणि पुढच्या वर्षी अटारीचे यंत्र आले, तेही ६५०२ च्याच एका स्वस्त भावंडावर चालणारे. या २५ डॉलरच्या चिपेचे आणि आमच्या घराचे पुढे काय नाते जडले, ते जरा थांबून सांगतो.

अटारीचा उत्कर्ष आणि ऱ्हास ही कथा थोडक्यात आटोपते. १९८० नंतर पैसा इतका आला की ज्याला त्याला खेळ काढायची घाई झाली. ‘ई. टी.’ या चित्रपटावरचा खेळ एका माणसाकडून पाच आठवड्यांत लिहून घेतला आणि न खपलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगॉर्डो गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. लोक ही दंतकथा समजत. २०१४ साली खड्डा उकरला तेव्हा कॅसेटी निघाल्या. त्याच १९८३ साली अमेरिकेतला सारा धंदा बसला. दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द ऐकला की पाठ फिरवू लागले.

आणि त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानात माझी लाल-पांढरी पेटी जन्मली.

तिच्या आईबापांचे घराणे मोठे नामी आहे. क्योतो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची याने ‘हानाफुदा’ नावाचे पत्ते बनवण्याचे दुकान काढले, तेच ‘निंटेंडो’. बारा महिन्यांची बारा फुले-झाडे, प्रत्येकाची चार पाने, असे हे ४८ पत्त्यांचे संच. पत्त्यांना जपानी भाषेत ‘कारुता’ म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीजांचा आहे. सोळाव्या शतकात ज्या पोर्तुगीजांनी जपानला पत्ते दाखवले, त्यांची पूर्वेकडची राजधानी आपल्या गोव्यात होती. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हाती घेऊन बसणाऱ्या कोकणी माणसाला ही सोयरीक अगदीच दूरची वाटू नये.

पत्त्यांवरून खेळण्यांवर, खेळण्यांवरून विजेच्या खेळांवर असे हे दुकान सरकत आले. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरला हुकूम झाला, की घरात खेळता येईल असे यंत्र कर, आणि ते स्वस्त कर. त्याने रिको कंपनीला गाठले. तिथे ६५०२ च्याच वळणाची चिप बनत होती. दोन वर्षांत ३० लाख चिपा घेऊ, असे निंटेंडोने तोंड भरून आश्वासन दिले तेव्हा कुठे भाव उतरला. पेटीची किंमत ठरली १४,८०० येन. पहिल्या खेपेत दोष निघाला. यंत्र खेळता खेळता थिजत असे. कंपनीने ती यंत्रे परत घेतली, आतले तबक बदलले आणि पुन्हा बाजारात आली. १९८५ साली सप्टेंबरात शिगेरू मियामोतो याचा ‘सुपर मारिओ’ आला, ऑक्टोबरात ही पेटी रूप पालटून न्यूयॉर्कला पोहोचली, आणि बसलेला धंदा उठला. मोजून पाहिले तर जगभर सहा कोटींहून अधिक पेट्या खपल्या. २००३ साली जपानात शेवटची बनली.

आता आमच्या चाळीत यावे.

१९९० साली तळमजल्यावरच्या एका मुलाचा मामा दुबईहून आला आणि त्याने ही पेटी आणली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या खोलीबाहेर आम्हा पोरांची रांग लागे. एका माणसाला एक ‘जीव’. मारिओ मेला की उठायचे आणि रांगेच्या शेपटाला जायचे. मला दिवसातून चार-पाच मिनिटे मिळत आणि उरलेला दिवस मी ती चार-पाच मिनिटे मनात पुन्हा खेळत असे. बंदुकीचा एक खेळ होता, बदके मारायचा. बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तीच पाहते, हे मला हल्ली कळले : चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. हल्लीच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी असते.

मी बाबांकडे हट्ट धरला. बाबा एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवण्याचे काम. मराठी वाचकाला हे निराळे सांगायला नको, की काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून श्रावण-भाद्रपद हे छापखान्याचे सुगीचे महिने. बाबा रात्री दहा-दहा वाजता घरी येत, बोटे शिशाने काळी झालेली. दिवाळी अंकांच्या ओव्हरटाइमवर आमचे कपडे, फटाके आणि आईचे एखादे भांडे निघे. बाबा म्हणाले, “यंदा नाही जमायचं. पुढच्या वर्षीचा ओव्हरटाइम तुझा. शब्द दिला.” ग्रँट रोडच्या बाजूला एका दुकानात तशी पेटी दीड हजाराला होती. काचेआडून तिला पाहायला मी अधूनमधून जात असे.

मी वर्षभर महिने मोजले. १९९१ चा श्रावण आला आणि बाबा संध्याकाळी सहालाच घरी येऊ लागले. मालकांनी कॉम्प्युटर आणला होता. दोन मुली बसून टंकलेखन करावे तसे मजकूर काढीत. चार कंपोझिटरांचे काम दुपारपर्यंत उरके. ओव्हरटाइम गेला आणि दिवाळीच्या आत नोकरीही गेली. खिळे वजनावर विकले गेले. मला यातले काही कोणी सांगितले नाही. मला एवढेच दिसले, की वसुबारस उलटली, धनत्रयोदशी झाली आणि पेटी आली नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटणे लावलेले असताना, मी बाबांना म्हणालो, “तुम्ही खोटं बोलता.” आईने हात उगारला; बाबांनी तो धरला. ते काही बोलले नाहीत. भाऊबीजेच्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर दोऱ्याने बांधलेली खिळ्यांची एक ओळ ठेवली. माझे नाव होते, उलट्या अक्षरांत. मी ती कपाटाच्या तळाशी टाकली. पुढे चाळ सोडताना ती कुठे गेली कोण जाणे.

वर ज्या चिपेचे गुणगान केले, त्या चिपेच्याच कुळातल्या वस्तूने आमचा ओव्हरटाइम खाल्ला हे मला पुढे वाचनातून समजले. चिप स्वस्त झाली म्हणून खेळ घरात आला, आणि चिप स्वस्त झाली म्हणूनच बाबा घरी बसले. पुढे त्यांनी एका पुस्तकाच्या दुकानात नोकरी धरली, मुद्रिते तपासली, आम्हा दोघा भावंडांची शिक्षणे केली. पेटीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

शोध घेता घेता आणखी एक गोष्ट कळली, आणि तिने माझी चांगलीच फजिती केली. त्या काळी आपल्याकडे घरोघर पाहिलेल्या, पिवळ्या कॅसेटींच्या त्या पेट्या म्हणजे फॅमिकॉमच्या नकला होत्या. तैवानात आणि चीनमध्ये अशा नकलांचे पीक आले होते. दुबईच्या मामांची पेटीही नक्कलच असली पाहिजे, कारण अस्सल जपानी पेटी आमच्या चाळीतल्या टीव्हीवर दिसलीच नसती. जपानी टीव्हीची पद्धत वेगळी, लहरींचे पट्टे वेगळे आणि घरातली वीज १०० व्होल्टची. बाबांनी शब्द पाळून खरी फॅमिकॉम आणली असती तर आम्ही सहकुटुंब मुंग्या पाहत बसलो असतो! म्हणजे ज्या वस्तूसाठी मी झुरलो ती मी पाहिलीच नव्हती.

भाचा टोकियोला नोकरीस आहे. त्याने अकिहाबारातल्या जुन्या मालाच्या दुकानातून खरी पेटी आणली. लॅमिंग्टन रोडच्या एका कारागिराने तिच्यातून चित्राची नवी तार काढून दिली आणि वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही दिला. माझ्या आग्रहाने सारे नरकचतुर्दशीला ठेवले. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते आरामखुर्चीत दिवाळी अंक चाळीत होते. पानातल्या चुका शोधायची खोड अजून गेलेली नाही. मी मारिओ लावला. ते संगीत सुरू झाले आणि माझी बोटे चौतीस वर्षांपूर्वीच्या जागी आपोआप गेली.

मी त्यांना सहज समजावून सांगू लागलो, की हे यंत्र चित्र काढत नाही. ते चित्र जुळवते. पडदा म्हणजे आडवी ३२ आणि उभी ३० घरे. प्रत्येक घरात ८ बाय ८ ठिपक्यांचा एक तुकडा बसतो. असे तुकडे कॅसेटीत तयार असतात. यंत्राने फक्त कोणत्या घरात कोणता तुकडा ते ठरवायचे. सबंध सुपर मारिओ ४० किलोबाइटांत बसवला आहे, तो याच काटकसरीने. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. अंक मिटला.

“थांब,” ते म्हणाले. “पुढे जाऊ नको. तो ढग बघ.”

मी थांबलो.

“आणि ते खालचं झुडूप. अरे, एकच आहे ते! खिळा तोच. शाई बदललीये नुसती.”

मी पाहिले. वरचा ढग पांढरा, खालचे झुडूप हिरवे, आणि आकार तंतोतंत एक. हा खेळ मी स्वप्नातसुद्धा खेळलो होतो आणि हे कधी पाहिले नव्हते.

“किती खिळे आहेत म्हणालास एका केसमध्ये?”

“चित्राच्या मागच्या भागाला दोनशे छप्पन्न.”

“बस्स?” बाबा हसले. “आम्हाला देवनागरीला जोडाक्षरं धरून त्याहून कितीतरी जास्त लागायचे. आण इकडे तो रिमोट.”

मी रिमोट दिला. वायर आखूड होती, म्हणून खुर्ची पुढे ओढावी लागली. कोणते बटण उडी मारायचे ते मी सांगत होतो, पण त्यांचे लक्ष विटा मोजण्यात होते. पहिलेच कवकासारखे ध्यान चालत आले आणि मारिओ मेला. मी हात पुढे केला.

“तीन जीव असतात ना?” बाबा म्हणाले. “माझे दोन आहेत अजून.”